माळ्यावरचे पाय

माझ्या ताब्यात बरीच वर्षं लोकांचे पाय होते. थोडे हातही होते, पण मुख्यतः पायच. लहान मुलांच्या एका इस्पितळाच्या माळ्यावर ते मी चादरीखाली ओळीनं मांडून ठेवले होते, आणि त्यांची एक वहीही होती. संपादकांनी मला 'इस्पितळातले गंभीर अनुभव' लिहायला सांगितले आहेत. याहून गंभीर माझ्याकडे काही नाही. शिवाय मला एक कबुली द्यायची आहे. आमच्यात कबुली फादरकडे देतात, तशी ती मी दिली. फादर म्हणाले, "पास्कल, हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचे पाय आहेत त्यांना सांग." त्यातले निदान निम्मे लोक दिवाळी अंक वाचत असतील अशा आशेवर हे लिहितो.

मी मूळचा मढचा. आजा दर्यावर जायचा, बाप जायचा. मला बोटीवर उलट्या व्हायच्या म्हणून मी बोरीवलीच्या इस्पितळात लागलो. हुद्दा ड्रेसर, जागा प्लास्टर रूम. नातेवाईकांनी बापाला विचारलं की पोरगा काय करतो, तर बाप सांगायचा, "पाय बांधतो." ऐकणाऱ्याला वाटायचं मी पोलिसात आहे.

प्लास्टर म्हणजे गणपतीच्या मूर्ती करतात तीच पांढरी पूड, फक्त पट्टीला लावलेली. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची, हलकी पिळायची आणि कापसाच्या थरावर गुंडाळत जायची. सुकताना ती गरम होते. हे पोराला आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं आपला पाय शिजतोय. घालणं मात्र सोपं. खरा धंदा काढण्याचा. त्यासाठी विजेची करवत असते. तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि हलणारी कातडी कापली जात नाही. पण तिचा आवाज असा, की पोरं सोडा, एकदा एका पोराचे वडीलच खाली बसले आणि त्यांना पाणी पाजावं लागलं. मी दर वेळी करवत आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवायचो. पोरं माझ्या हाताकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग किंचाळायचीच.

प्लास्टर उघडल्यावर आत काय काय सापडायचं. खाज सुटली की पोरं हाताला लागेल ते आत सरकवतात. फुटपट्टी, विणायची सुई, कॅरमची सोंगटी, अर्धी भेंडी. एकदा देवाची तसबीर निघाली. ती आईनंच, हाड लवकर जुळावं म्हणून सरकवली होती. हाड वेळेवर जुळलं, पण तसबिरीचा कोपरा लागून जखम झाली होती.

माझ्याबरोबर वॉर्डात शेवंता मावशी होत्या. मालवणकडच्या, तोंडानं तिखट. मला त्या कधी नुसतं 'पास्कल' म्हणाल्या नाहीत, 'मेल्या पास्कल' म्हणायच्या. वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण वागायला चाळीस.

पायांची गोष्ट नीलमपासून सुरू झाली. नीलम सात वर्षांची, बोरीवलीचीच. गच्चीवरून उडी मारून मांडीचं हाड मोडून आली. अशा पोराला कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घालतात. मग ते पोर उचलून ठेवायची वस्तू होतं. तिच्या शेजारच्या खाटेवर जयेश होता, माहुलचा, कोळ्यांचा पोरगा, नऊ वर्षांचा. त्यालाही कमरेपासून प्लास्टर, पण त्याचं पडण्याचं दुखणं नव्हतं, हाडाचा आजार होता. त्याला एकाच कुशीवर झोपता यायचं. दुपारी मावशी दोघांच्या खाटा जवळ सरकवायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांची भांडणं चालायची. एका दुपारी त्यानं नीलमच्या मांडीवरच्या प्लास्टरवर मार्करनं मासा काढला. मी पाहिला होता तो मासा. लांबट, वाकड्या तोंडाचा, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. नीलमला तो इतका आवडला की राउंडला आलेल्या डॉक्टरांना ती हाडाच्या आधी मासा दाखवायची.

पुढे जयेशला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथे तो गेला. त्याची आई आमच्याकडे राहिलेली पाण्याची बाटली न्यायला आली, तेव्हा तिनं मावशींना सांगितलं. नीलमला आम्ही काही सांगितलं नाही, पण वॉर्डात पोरांना सगळं कळतं.

दोन आठवड्यांनी तिचं प्लास्टर काढायची वेळ आली. मी करवत हातात घेतली, तळहाताला लावून दाखवली. ती किंचाळली नाही. दोन्ही हात माशावर ठेवून म्हणाली, "कापायचं नाही."

"अगं, पाय बाहेर कसा येणार?"

"नको यायला."

आई समजावून थकली, डॉक्टर समजावून थकले. शेवटी मी म्हणालो, "मासा सोडून बाजूनं कापतो. आणि अख्खा पाय जपून ठेवतो."

"कुठे?"

"वर माळ्यावर."

"कधीपर्यंत?"

"तू मागायला येशील तोपर्यंत."

तिनं विचार केला आणि हात काढले. मी आयुष्यात कापलेलं ते सगळ्यात सुबक प्लास्टर. दोन तुकडे पुन्हा पट्टीनं जोडले आणि माळ्यावर ठेवून दिले. मला वाटलं, पोर आहे, आठ दिवसांत विसरेल. पुढच्या तपासणीला ती आली आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी मला म्हणाली, "दाखवा." मी शिडी लावली, पाय खाली आणला. तिनं मासा तपासला आणि परत ठेवायला सांगितला. बाकड्यावर बसलेल्या दोन पोरांनी हे बघितलं. त्यांनाही आपापले पाय जपून हवे झाले.

असा तो रिवाज पडला. मलाही सोय झाली, कारण 'पाय वर ठेवतो' म्हटलं की पोरं करवतीला कमी घाबरायची. नियमानं वापरलेलं प्लास्टर कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवं. तपासणीची माणसं यायची तेव्हा मी सांगायचो की हे स्टाफच्या गणपतीचं सामान आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या गणपतीच्या मागे दर वर्षी कैलास पर्वत असायचा आणि चादरीखाली तो याच पायांवर उभा असायचा. पायांची रास घालणारा मी कॅथलिक, याचं कुणाला काही वाटलं नाही. नाताळात तोच पर्वत बेथलेहेमच्या कामाला यायचा.

मग टाकी फुटली. इस्पितळाची पाण्याची टाकी माळ्याच्या बरोबर वर होती. शनिवारी दुपारी ती कधीतरी फुटली आणि सोमवारी सकाळी मी शिडी लावून वर गेलो, तेव्हा माळ्यावर लापशी होती. पाय एकमेकांत मिसळले होते, शाई उतरली होती, नावं गेली होती. नीलमचा पाय मी हातात घेतला तर तो बोटांमधून खाली पडला. मी तिथेच बसून रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप.

मावशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून बघत होत्या. "मेल्या पास्कल, पाय काय सोन्याचे आसत? फेकून दी."

"पोरांना शब्द दिलाय, मावशी."

त्या आणखी एक पायरी चढल्या. मग म्हणाल्या, "मगे नवे कर. पोरांका काय कळतला?"

इथून माझी कबुली सुरू होते. वही माझ्या खणात होती म्हणून वाचली. तिच्यात नाव, वय आणि डावा की उजवा एवढंच होतं. मुदत उलटलेल्या पट्ट्या आमच्याकडे टाकायला येत, त्या मी टाकल्या नाहीत. पुढचं जवळजवळ वर्षभर जेवणाच्या सुट्टीत मी आणि मावशी प्लास्टर रूमचं दार लावून पोरांचे पाय तयार करत होतो. लोकांनी आमच्याविषयी काय काय बोलून घेतलं ते इथे लिहीत नाही.

पाय करायचा तर साचा हवा. सहा-सात वर्षांच्या पायाला मावशींचा हात चालायचा. मोठ्या पोरांसाठी टॉवेलची गुंडाळी. तान्ह्या मुलांच्या पायांना काहीच जमेना, तेव्हा मावशींनी बाजारातून दुधी आणला. दुधीवर कापूस, कापसावर पट्टी, हुबेहूब पाय. हातांसाठी पडवळ. करवत कातडीला लागत नाही कारण कातडी हलते. दुधी हलत नाही, त्यामुळे दुधी मात्र दर वेळी कापला जायचा. मावशी तो पिशवीत घालून घरी न्यायच्या आणि चण्याची डाळ घालून करायच्या. त्या वर्षी त्यांच्या घरच्यांनी इतका दुधी खाल्ला की सुनेनं सासऱ्यांकडे तक्रार केली.

कुठल्या पायावर काय होतं ते आठवून काढायचं काम मावशींचं.

"ह्येच्यार मोर होतो."

"हत्ती होता, मावशी."

"मी सांगतंय मोर होतो. हत्ती त्या मुलुंडच्या चेडवाच्या पायार."

जिथे दोघांनाही आठवेना तिथे मी मनानं घालायचो. एका पायावर मी बाण काढून 'इथे दुखतं' असं लिहिलं, कारण तो पाय फार कोरा दिसत होता. सह्या मी डाव्या हातानं करायचो, म्हणजे लहान मुलाच्या वाटतील.

नीलमचा पाय मी सगळ्यात शेवटी केला आणि मुदतीतली, चांगली पट्टी वापरली. मासा काढायला बसलो आणि हात अडला. जयेशचा मासा मला लख्ख आठवत होता, दोन्ही डोळे एका बाजूला, तोंड वाकडं. मनात म्हटलं, पोर आजारी होतं, आडवं पडून काढलंय, चुकलं असेल. पण माहुलच्या कोळ्याच्या पोराच्या नावावर असला मासा राहणं मला बरं वाटेना. शेवटी मीही दर्यावरच्याचाच पोरगा. मी एक देखणं पापलेट काढलं. कल्ले, शेपटी, खवल्यांची ओळ, आणि डोळा जिथे असायला हवा तिथे एक. मावशी म्हणाल्या, "आता कसो म्हावरो दिसता." त्या सगळ्या लबाडीत तेवढा एक पाय मी अभिमानानं केला होता.

मी निवृत्त झालो. पुढे दोनेक वर्षांनी इस्पितळाची नवी इमारत झाली आणि जुनी पाडायचं ठरलं. त्यानिमित्त स्मरणिका काढायची होती. प्रशासक केतकी मॅडम वयानं तरुण, कामाला वाघीण, कागदावर त्यांचा भारी जीव. त्यांनी जुन्या रुग्णांना मोबाइलवर निरोप धाडला: 'आपल्या इस्पितळाच्या आठवणी कळवा.' त्यांना वाटलं होतं, लोक डॉक्टरांविषयी, संस्थापकांविषयी लिहितील. आठव्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"काका, तुमच्याकडे लोकांचे पाय आहेत?"

"आहेत."

"म्हणजे खरंच आहेत?"

'खरंच' या शब्दावर मी जरा अडखळलो. म्हणालो, "माळ्यावर आहेत."

"अहो, एकानंही डॉक्टरांचं नाव लिहिलेलं नाही. एकानं खिचडीबद्दल लिहिलंय, ते पण वाईट. बाकी सगळे विचारतायत, माझा पाय अजून आहे का. मला शनिवारपर्यंत माळा रिकामा करून द्यायचाय."

मी म्हटलं, पिवळ्या पिशवीत घाला. मनापासून म्हटलं, कारण सुटलो असतो. पण मॅडमना स्मरणिकेसाठी फोटो हवे होते. त्यांनी अर्जाचा नमुना तयार केला: 'प्लास्टर परत मिळणेबाबत'. नाव, पत्ता, डावा की उजवा, आधार कार्डाची प्रत, आणि शेवटचा रकाना, 'प्लास्टरशी अर्जदाराचे नाते: स्वतः / पालक / इतर (तपशील द्यावा)'.

शुक्रवारी सकाळपासून रांग लागली. टक्कल पडलेले, चष्मा लागलेले, पोटं सुटलेले लोक आपापले चिमुकले पाय न्यायला उभे होते. मी शिडीवर, निवृत्त झालेल्या मावशी खास बोलावल्यावरून खाली खुर्चीवर, आणि मॅडम टेबलावर शिक्का घेऊन.

पहिला पाय मी अक्षराची बाजू खाली करून दिला. घाटकोपरहून आलेला, आडव्या बांध्याचा माणूस. त्यानं पाय फिरवून फिरवून पाहिला आणि 'इथे दुखतं' या बाणावर येऊन थांबला. त्याचे डोळे भरले. "हे मी लिहिलेलं, काका. मला आठवतंय, आई शेजारी बसली होती, मी लिहिलं." ते मी लिहिलं होतं, आणि शेजारी मावशी बसून भजी खात होत्या. मी म्हणालो, "अक्षर तेव्हाही चांगलं होतं तुझं."

मग ती माळच लागली. एक बाई म्हणाल्या, "माझ्यावर कासव होतं ना?" मी हत्ती पुढे केला. त्यांनी सोंड निरखली आणि त्या म्हणाल्या, "हो, हत्तीच. कासव मी उगाच म्हटलं." दोन माणसं एकाच डाव्या पायावरून भांडायला लागली. "हा माझा आहे यार, मला वास ओळखू येतो," असं त्यातला एक म्हणाला. तो दुधीचा होता. मावशींनी निवाडा दिला की ज्याची आई जास्त त्रास द्यायची त्याचा हा पाय, आणि दुसऱ्याला त्याच मापाचा उजवा देऊन गप्प केलं. एकानं तर पाय पावलावर चढवायचा प्रयत्न केला, तो अंगठ्यात अडकला आणि मला नव्या इमारतीतून कात्री आणायला माणूस धाडावा लागला. आणि प्रत्येक जण खूश होऊन जात होता. मला आत कुठेतरी वाटायला लागलं होतं की आपण जिंकलो.

दुपारी नीलम आली. आता मुलुंडला राहते, शाळेत शिकवते. मी लगेच ओळखलं, कारण तिनं तेच म्हटलं. "दाखवा."

तिच्या अर्जावर मॅडम अडल्या. "तुम्ही 'इतर' वर खूण केलीय. पाय तुमचाच ना? मग 'स्वतः' हवं."

"पाय माझा आहे," नीलम म्हणाली. "मी माशासाठी आलेय."

मी तिचा पाय जपून खाली आणला. तिनं मांडीचा भाग वळवला, पापलेट पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतर लोकांच्या चेहऱ्यावर जे येत होतं ते तिच्या चेहऱ्यावर आलं नाही.

"काका, हा त्याचा नाही."

मला 'त्याचाच आहे' म्हणता आलं असतं. सकाळपासून मी तेच करत होतो. पण तिच्यापुढे जीभ उचलली नाही. टाकी, लापशी, दुधी, सगळं सांगून टाकलं. मॅडमच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला. शेवटी मी म्हणालो, "मासा मात्र मी त्याच्यासाठी नीट केला गं. त्यानं दोन्ही डोळे एकाच बाजूला काढले होते. पोर आजारी होतं, चुकलं असेल, म्हणून..."

"चुकलं नव्हतं. मी पण तेव्हा त्याच्याशी भांडले होते, की माशाला असे डोळे नसतात. तर म्हणाला, लेप्याला असतात. लेपा तळाशी एकाच कुशीवर पडून असतो ना, म्हणून त्याचा खालचा डोळा पण वर येतो." तिनं पापलेटवरून बोट फिरवलं. "म्हणाला, मी पण लेपाच आहे. भिंतीकडे काही नाही दिसत. सगळं तुझ्याच बाजूला."

मावशी तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "अगो बाय माझे. लेपो तो. आमी दोगांय म्हावऱ्याच्या गावची, आणि आमका दिसलो नाय."

मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घरी लहानपणी लेपा आठवड्यातून चारदा व्हायचा. बापाच्या जाळ्यात दुसरं काही आलं नाही तरी लेपा यायचा. नऊ वर्षांच्या पोरानं आडवं पडून जो मासा बरोबर काढला होता, तो मी सरळ बसून चुकीचा केला, आणि वर अभिमान धरला. त्याची तेवढी एकच वस्तू मागे राहिली होती. ती पाण्यानं गेली ते सोडा, मी ती दुरुस्त केली.

नीलमनं मॅडमच्या टेबलावरचा मार्कर उचलून माझ्या हातात दिला. "काढा."

"तू काढ. मला आता..."

"मला मासे येत नाहीत काढायला. तुम्ही मढचे ना?"

मी पापलेटच्या डोळ्याशेजारी दुसरा डोळा काढला. शेपटी खोडली, अंग लांब केलं, तोंड वाकडं केलं. फार वाईट दिसत होता. तिनं तो पाहिला आणि मान हलवली. मग अर्ज ओढून घेतला आणि 'इतर' पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं, 'शेजारची खाट'. मॅडमनी शिक्का मारला.

बाकी लोकांना मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. आता सांगतोय. तुमच्या कपाटात जो पाय आहे तो तुमचा नाही. मोर मावशींचा आहे, अक्षर माझं आहे, आणि आतला पोकळ आकार बहुतेक दुधीचा आहे. राग आला असेल तर माझी तक्रार नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर मी बाजारात गेलो. कोळणीच्या पाटीत लेपे होते. एक उचलला. दोन्ही डोळे माझ्याकडे. उलटा केला. त्या बाजूला डोळा नाही, काही नाही, नुसता पांढरा, प्लास्टरसारखा. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

कोळीण म्हणाली, "काका, घ्यायचाय, की त्याला नुसती कूस बदलून द्यायचीय?"